सोमवार ते शनिवार: प्रापंचिक कॅथोलिकानं करायची कामं

दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या एका संस्काराच्या) वर्गातली मुलं आणि नुकतं लग्न झालेली जोडपी मला एक प्रश्न हमखास विचारतात, "टीचर, आम्ही चर्चसाठी काय करायचं?" मग कुणीतरी त्यांचं नाव वाचकांच्या यादीत घालतं, नाताळच्या गोठ्याच्या समितीत घेतं, नाहीतर सणाच्या दिवशी गाड्या लावून घ्यायचं काम देतं. ही कामं चांगली आहेत, मीही केली आहेत. पण आठवड्यातला एखाददुसरा तास त्यात जातो. उरलेला आठवडा आपण ऑफिसात, वाडीत, बाजारात, लोकलमध्ये आणि स्वयंपाकघरात असतो. आपली खरी जबाबदारी तिथे आहे आणि तिची यादी चर्चच्या फलकावर लागत नाही. म्हणून प्रापंचिकांसाठी, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेल्या भाविकांसाठी, ती इथे लिहिते.

मी वसईच्या गिरीज-निर्मळ पट्ट्यातली. घरची केळीची आणि फुलांची वाडी. नोकरीची सगळी वर्षं विरार लोकलनं चर्चगेटला गेले, एका सरकारी कार्यालयात कारकून होते. रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. धर्मगुरूंच्या घराण्यातली नाही आणि ईशज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. खाली जे आहे ते चुलीपाशी, काउंटरवर आणि बैठकांत बसून कळलेलं आहे.

आधी लूकचा तिसरा अध्याय वाचा

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या ओवीपासून पुढे, लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे येऊन हेच विचारतात: आम्ही काय करावं? त्याची उत्तरं बघा. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा. जकातदारांना तो सांगतो, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. जकातनाका सोडून मंदिरात या, असं तो कुणालाही म्हणत नाही. ज्या जागी उभे आहात तिथेच नीट वागा, एवढंच त्याचं सांगणं आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनं, हीच गोष्ट साऱ्या जगाच्या ख्रिस्तसभेपुढे (कॅथोलिक चर्चपुढे) मांडली. परिषद 1962 ते 1965 अशी चालली आणि 18 नोव्हेंबर 1965 रोजी तिनं प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. त्याआधी 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात चौथा अध्याय प्रापंचिकांना दिला होता. त्यात म्हटलंय की संसारातल्या, व्यवहारातल्या गोष्टी देवाच्या इच्छेप्रमाणे घडवणं हे प्रापंचिकांचं खास पाचारण आहे. काही जागी आणि काही प्रसंगी ख्रिस्तसभा जगाचं मीठ होऊ शकते ती फक्त त्यांच्यामुळेच. पेढीवर, वर्गात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात फादर येऊन बसणार नाहीत. तुम्ही तिथे रोज आहात.

म्हणून पहिलं काम कागद घेऊन करायचं. आठवड्यात ज्यांच्याशी माझा व्यवहार होतो ती माणसं कोण, ते लिहून काढा: शेजारच्या खुर्चीवरची सहकारी, साहेब, शिपाई, भाजी घेणारा दलाल, वाडीवरचे मजूर, घरी धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा रखवालदार, मुलांच्या शाळेच्या बसचा चालक. माझ्या मते हीच तुमची पॅरिश, म्हणजे तुमचं धर्मग्राम, एका चर्चभोवतीचा समाज. यातल्या किती जणांना माझ्यामुळे या आठवड्यात बरं वाटलं आणि किती जणांना त्रास झाला, हे शनिवारी रात्री आठवायचं. पापनिवेदनाला जाताना याहून चांगली तयारी मला ठाऊक नाही.

नोकरीच्या जागी

मेजावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावायची आणि समोरच्या म्हाताऱ्याला तीन खेपा घालायला लावायच्या, हे चालणार नाही. नोकरीतली पहिली साक्ष म्हणजे काम वेळेवर आणि धड करणं. फाइल आज निघू शकत असेल तर आज काढा. अर्जात काय कमी आहे ते सगळं पहिल्याच भेटीत सांगा आणि कागदावर लिहून द्या, म्हणजे माणसाचा दुसरा खाडा होत नाही. कामावरचा खाडा म्हणजे हातावर पोट असलेल्याची त्या दिवसाची मजुरी गेली, हे काउंटरच्या आत बसलेल्यानं सतत लक्षात ठेवायला हवं.

पैसे नाकारण्याची वेळ येतेच. तेव्हा भाषण देऊ नका. "पावतीचे जेवढे आहेत तेवढेच द्या," असं म्हणायचं आणि पावती फाडायची. देणाऱ्याची मान खाली जाईल असं काही बोलायचं नाही, कारण बहुतेक वेळा तो नाइलाजानंच देत असतो. वरून दबाव आला तर भांडण न काढता एकच वाक्य बोलायचं: "साहेब, लेखी द्या, लगेच करते." चुकीचं काम लेखी सांगायला फारसं कुणी धजत नाही. यातून बढती लांबते, हे मी लपवणार नाही. नवराबायकोनं याची तयारी आधी घरात बोलून करावी. पगार एवढाच येणार, त्यात मुलांची फी कशी बसवायची, याचा हिशोब दोघांना माहीत असेल तर ऑफिसात ठाम राहणं सोपं जातं. एकट्यानं पाळलेली सचोटी फार दमवते.

खाजगी नोकरीत प्रश्न वेगळे असतात. खोटं बिल, ग्राहकापासून लपवलेली अट, हाताखालच्याच्या कामावर स्वतःचं नाव. त्यातही शेवटची गोष्ट फार सर्रास होते आणि तिला कुणी पाप म्हणत नाही. बैठकीत "हे अमक्यानं केलंय" असं नाव घेऊन सांगायची सवय लावून घ्या. खर्च काहीच नाही आणि त्या मुलाच्या घरी त्या रात्री आनंद असतो.

लोकलमध्येही आपण ख्रिस्ती असतो. तीनजणींच्या बाकड्यावर चौथीला जागा देणं, गरोदर बाईला उभं न ठेवणं, हे तर झालंच. मला महत्त्वाचं वाटतं ते बोलणं. डब्यातल्या ग्रुपमध्ये गैरहजर बाईवर चर्चा निघते तेव्हा विषय बदलायचं धैर्य हे व्रतापेक्षा कमी नाही. आणि प्रार्थनेला वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगते, वसई रोड ते बोरिवली या प्रवासात एक रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. माळ काढायची गरज नाही, दहा बोटं आहेतच.

वाडी, मजुरी आणि बावखल

आपल्याकडे अजून वाड्या आहेत. फुलं पहाटे दादरला जातात, केळी, भाजी, पानं जातात. वाड्यांवर राबणारे बरेच हात आदिवासी बांधवांचे असतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाची चौथी ओवी प्रत्येक वाडीवाल्यानं पाठ करावी. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे, असं तिथे लिहिलंय. तेव्हा मजुरी ठरल्या दिवशी, मोजून, हातात. उचल दिली असेल तर ती वहीत लिहून, मजुराला वाचून दाखवून, त्याच्यासमोर वळती करायची. दुपारचं जेवण त्यांना वेगळ्या भांड्यात, वेगळ्या ओट्यावर द्यायची पद्धत कुठे उरली असेल तर ती आज बंद करा.

इथे देवसहायम पिल्लै यांची आठवण काढते. त्रावणकोरच्या राजाच्या सेवेत असलेला हा विवाहित गृहस्थ 1745 साली ख्रिस्ती झाला. त्यानं जातीचा भेद झुगारून सर्वांबरोबर उठबस ठेवली, छळ सोसला आणि 14 जानेवारी 1752 रोजी प्राण दिला. 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. संतपद मिळालेले भारतातले ते पहिले प्रापंचिक. आपल्या गोन्सालो गार्सियांचा सण आपण दरवर्षी थाटात करतो, करावाच. ते वसईचे, व्यापार सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1597 साली नागासाकीत क्रुसावर गेले. पण बायको, घर आणि नोकरी असलेल्या माणसाला देवसहायम अधिक जवळचे वाटतील. मुलांना त्यांची गोष्ट सांगा, आणि मुलीचं लग्न ठरवताना "आपल्यातला आहे ना?" हा प्रश्न तोंडी आला तर ती स्वतःलाही सांगा.

आता बावखलांविषयी. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहिरी गोड ठेवतं. आमच्या पूर्वजांनी ती खणली, त्यावर रहाट चालले. आज ती डेब्रिज टाकून बुजवली जातात, कारण जागेला भाव आहे. 2018च्या जुलैत वसई कशी पाण्याखाली गेली ते आपण पाहिलं; पाणी मुरायच्या जागा आपणच बुजवत गेलो तर दुसरं काय होणार? पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीविषयी परिपत्र काढलं तेव्हा त्यावर आपल्याकडे चर्चासत्रं झाली, ती छान झाली. पण त्या परिपत्राचं खरं आचरण म्हणजे स्वतःच्या सातबाऱ्यावरचं बावखल न बुजवणं. भाऊबंदात वाटणी होत असेल तर बावखल सामाईक ठेवा आणि तसं वाटणीपत्रात लिहून घ्या. उन्हाळ्यात गाळ काढा. प्लास्टिक, निर्माल्य, मंडपाचा कचरा त्यात जाणार नाही हे पाहा. शेजारी कुणी भराव टाकत असेल तर आधी समोरासमोर बोला, मग तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 2005चा कायदा आहे, दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर. यासाठी कुणाच्याही आशीर्वादाची किंवा परवानगीची वाट पाहायला नको.

वसईची हिरवाई वाचवण्यासाठीचं हरित वसईचं आंदोलन म्हटलं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. 2024च्या जुलैत ते गेले. पण ते एकटे उभे नव्हते. गावोगावचे शेतकरी, शिक्षक आणि डोक्यावर पदर घेतलेल्या आमच्या आया-मावश्या त्या आंदोलनात होत्या. असा धर्मगुरू दर पिढीला मिळेलच असं नाही. प्रापंचिकांची गावं मात्र इथेच आहेत.

घरात

परिषदेनं कुटुंबाला घरातली छोटी ख्रिस्तसभा म्हटलंय. ती चालवायला मोठी सोय लागत नाही. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं टीव्ही आणि मोबाइल बंद, सगळे एकत्र, दिवसाची ओवी कुणीतरी वाचायची, प्रत्येकानं एका माणसासाठी प्रार्थना करायची. मुलं कंटाळतात म्हणून पूर्ण रोझरी होत नसेल तर एक दशक, म्हणजे दहा मणी, करा, पण रोज करा. मुलांनाच वाचायला द्या. आजीला जुनी प्रार्थना येते ती तिच्याकडून म्हणून घ्या, आमच्या सामवेदी बोलीत असेल तर त्याच बोलीत.

नवऱ्यानं स्वयंपाकघरात हात लावणं हीही भक्तीच आहे, आणि हे मी वर्गात मुलांना मुद्दाम सांगते, मुलींना नव्हे. आई मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन आल्यावर एकटी स्वयंपाकाला लागते आणि बाकीचे प्रवचनावर चर्चा करतात, असं ज्या घरात चालतं तिथे प्रवचन पोचलेलं नाही.

लग्नाचा खर्च आणि दारू यांबद्दल उघडपणे बोलायलाच हवं. कर्ज काढून, वाडीचा तुकडा विकून लग्न करणारी घरं मी पाहिली आहेत. लग्न एक संस्कार आहे आणि तो चर्चमध्येच पूर्ण होतो; बाकीचं सगळं ऐपतीप्रमाणे. तुमची ऐपत असली तरी साधं करा, कारण शेजारचा तुमच्याकडे बघून खर्च ठरवतो. वरवधूंनी स्वतः पुढाकार घेतला तर हे जमतं, वडीलधारे लाजेखातर सुरुवात करत नाहीत. दारूचं म्हणाल तर पाहुण्याला ग्लास पुढे करण्याचा आग्रह पूर्ण थांबवा. त्या मंडपात दारू सोडलेला एकजण तरी असतो आणि त्याची बायको तुमच्या हाताकडे बघत असते. ज्याला सुटायचंय त्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकीला घेऊन जा, पहिल्या बैठकीला सोबत चालत जा. नुसता पत्ता दिल्यानं कुणी जात नाही.

दोन गोष्टी प्रत्येक कॅथोलिक घरात माहीत असाव्यात. पहिली: मरणाच्या दारात असलेल्या बाळाला, फादर पोचण्यासारखे नसतील तर, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. आईवडिलांना विचारा, साधं पाणी घ्या, ते डोक्यावर तीनदा ओता आणि म्हणा, "मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." नंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवून नोंद करून घ्या. इस्पितळात काम करणाऱ्या आपल्या नर्सेसना हे ठाऊक असतं, बाकीच्यांना नसतं. दुसरी: आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार (पवित्र तेल लावून दिला जाणारा) शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवू नका. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर आजार, म्हातारपणाची अशक्तता, यांतही तो घेता येतो. रुग्ण शुद्धीवर असताना फादरांना बोलवा. "आता फादर आले म्हणजे संपलंच" ही भीती आपणच उशीर करून निर्माण केली आहे.

शेजार

निर्मळच्या जत्रेला आमच्याकडे सगळेच जातात. गणपतीत शेजारच्या घरी आरतीच्या वेळी हात जोडून उभं राहावं की नाही, असा प्रश्न अलीकडची मुलं विचारतात. मी सांगते, आदरानं उभं राहा, प्रसाद प्रेमानं घ्या, त्यांच्या घरी कामाला मदत करा आणि कुणी आपल्या श्रद्धेविषयी विचारलं तर स्वच्छ, सरळ सांगा. वाद घालायला जाऊ नका. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे 28 ऑक्टोबर 1965च्या परिषदेच्या घोषणापत्रातलं आहे. व्हॉट्सॲपवर एखाद्या धर्माविरुद्ध, जातीविरुद्ध आलेला मजकूर तुमच्याजवळ येऊन थांबला पाहिजे. पुढे पाठवू नका, आणि पाठवणारा नातलग असेल तर त्याला फोन करून सांगा. ग्रुपवर सर्वांदेखत नको.

मयत झालेल्या घरी आपण धावतो, प्रार्थना घेतो, खांदा देतो. यात आमचा समाज कधी कमी पडलेला नाही. उणीव राहते ती त्यानंतर. मृत्यूचा दाखला, बँकेतलं वारसाचं काम, गॅस आणि विजेचं नाव बदलणं, पेन्शनचे कागद, यांत विधवा बाई महिनोन्महिने फिरते. ज्याला कागदाचं कळतं अशा एकानं तिच्यासोबत दोन दिवस काढावेत. रजा घालून काढावेत.

गरजूच्या घरी जाताना

संत विन्सेंट डी पॉल सोसायटी पॅरिसमध्ये 1833 साली सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे तो प्राध्यापक झाला, संसारी झाला, आणि 1997 साली धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाला. या सोसायटीची रीत मला फार शहाणी वाटते: दोघांनी मिळून जायचं, घरी जाऊन बसायचं, ऐकायचं, आणि तिथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. तुमच्या धर्मग्रामात शाखा असेल तर तिच्यात जा. नसेल तर दोघे मिळून सुरुवात करा.

घरी गेल्यावर काय करायचं? चपला बाहेर काढा. चहा दिला तर घ्या, त्यांना काहीतरी देऊ द्या. फोटो काढू नका, धान्याच्या पिशवीबरोबर तर मुळीच नको. धर्म विचारू नका. पहिल्या भेटीत कागदांकडे बघा: रेशनकार्ड आहे का, त्यावर सगळ्यांची नावं आहेत का, आधार जोडलंय का. एकट्या निराधार बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजना लागू होऊ शकते, म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजना. शस्त्रक्रियेचा खर्च असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते इस्पितळ आणि तो आजार बसतो का ते आधी विचारा, मग वर्गणी काढा. आपण पाच हजार गोळा करून देतो आणि समाधान मानतो. तहसील कार्यालयात त्यांच्यासोबत एक सकाळ घालवली असती तर त्या बाईला दरमहा हक्काचे पैसे मिळाले असते. दान द्या, पण हक्काचं मिळवून देणं आधी.

मत आणि महापालिका

ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूंनी राजसत्तेची पदं घ्यायची नाहीत आणि पक्षात सक्रिय व्हायचं नाही. म्हणजे हे क्षेत्र पूर्णपणे प्रापंचिकांचं आहे. तरी निवडणूक आली की आपण विचारतो, "फादर काय म्हणतात?" हे सोडून द्या. फादरांनी न्याय, शांती, गरिबांचा वाटा यांवर बोलावं. उमेदवार पारखणं आपलं काम. त्याच कायद्याच्या 227व्या कलमात प्रापंचिकाला नागरी बाबतींत स्वातंत्र्य दिलंय आणि एक ताकीदही: ज्या गोष्टीत मतभेदाला जागा आहे तिथे स्वतःचं मत हीच ख्रिस्तसभेची शिकवण, असं सांगू नये. पक्षाचा प्रचार जरूर करा, पण चर्चचं नाव घेऊन नको.

मतदानापलीकडे जायला हवं. मतदार यादीत नाव आहे का ते निवडणूक नसतानाच बघा, अठरा पूर्ण झालेल्या मुलांची नावं घाला. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते. मोर्च्याला हजार माणसं येतात आणि लेखी हरकत मात्र थोडेच देतात, तेव्हा धर्मशिक्षणाच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ बसून नकाशा पाहा, गटक्रमांक शोधा आणि लोकांना अर्ज लिहून द्या. निवडणुकीला उभं राहायची कुणाची तयारी असेल तर त्याला "राजकारण घाण आहे" म्हणून मागे ओढू नका. आपल्या समाजातली चांगली माणसं याच वाक्यानं घरी बसली.

वेदीजवळची कामं

आता चर्चमधली कामं. वाचन असेल तर आदल्या रात्री मोठ्यानं वाचा. थेस्सलनीकाकरांस, फिलिप्पैकरांस ही नावं ऐनवेळी अडखळवतात. वाक्य कुठे संपतं ते पेन्सिलनं खूण करा. माइकपासून वीतभर लांब राहा आणि तुम्हाला वाटतं त्याहून सावकाश वाचा. 2021च्या जानेवारीपासून वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं स्त्रियांनाही खुली झाली आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचं सेवापदही स्थापन झालं. तेव्हा "बायकांनी फुलं लावावीत" हे उत्तर आता कुणी देऊ नये आणि कुणी ऐकून घेऊ नये.

धर्मशिक्षण किंवा क्वायरसाठी मुलांमध्ये काम करत असाल तर काही नियम मोडायचे नाहीत. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. मुलांना खाजगी मेसेज करायचे नाहीत, पालकांच्या ग्रुपवरच निरोप द्यायचा. एखाद्या मुलानं काही सांगितलं किंवा तुम्हाला लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर 2012च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. संशयित कोणीही असो, नातलग, शिक्षक, धर्मगुरू, आधी पोलीस, मग बिशपांचं कार्यालय. 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतवाहिनीचा, क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावा. ख्रिस्तसभेचं नाव जपण्यासाठी गप्प बसणं हे ख्रिस्तसभेवर प्रेम नाही.

हिशोब समजणाऱ्यांनी आर्थिक समितीत जावं. ही समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असं ख्रिस्तसभेच्या कायद्याचं 537वं कलम सांगतं. तिथे जाऊन मान डोलवू नका. बिलं पाहा, दोन सह्यांचा आग्रह धरा, मोठ्या बांधकामाला तीन दरपत्रकं मागा. भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब भाविकांना द्यायचा असतो, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा वार्षिक ताळेबंद फलकावर लागेल असं बघा.

फादरांशी मत जुळत नसेल तेव्हा

धर्मग्राम परिषद सल्ला देते, निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असतो. हे मान्य करूनच बोलायचं. पण बोलायचं. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या 212व्या कलमात म्हटलंय की आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा प्रापंचिकांचा हक्क आहे, आणि काही वेळा कर्तव्यही. फक्त श्रद्धा, आदर आणि माणसांची प्रतिष्ठा सांभाळून. 2023च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी पहिल्यांदा मतदान केलं. तिथे चालतं ते आपल्या बैठकीत चालायला हरकत नसावी.

माझी पद्धत अशी. चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज करायची नाही, फेसबुकवर तर नाहीच. रविवारी मिस्सेनंतर फादर घाईत असतात, तेव्हा विषय काढू नये. मधल्या वारी वेळ मागून घ्यावा. एकच मुद्दा न्यावा. जे चांगलं चाललंय ते आधी मनापासून सांगावं, मग अडचण, मग आपण स्वतः त्यात काय करू ते. "फादर, असं व्हायला हवं" यापेक्षा "फादर, मी आणि आणखी चौघे हे करायला तयार आहोत" हे बोलणं पुढे सरकतं. मुद्दा गंभीर असेल तर भेटीनंतर तोच सौम्य शब्दांत पत्रात लिहा, खाली सही आणि तारीख घाला, निनावी कधीच नको. प्रत स्वतःजवळ ठेवा. महिनाभरात काही झालं नाही तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो मुद्दा घ्यायला सचिवांना सांगा आणि त्या बैठकीला वेळेवर हजर राहा.